ऑर्विलची कात्री आणि नाशपतीवरचा गुलाब

फेब्रुवारीतली राष्ट्राध्यक्ष दिनाची सुट्टी आली की पोर्टलंडमधली आमची अख्खी गल्ली रेनकोट चढवून गुलाबांवर तुटून पडते. या फौजेचा बिनपगारी सेनापती म्हणजे माझा शेजारी ऑर्विल हॅगस्ट्रॉम. जन्मभर शहराची बस चालवली, पण जीव कात्रीत. आधी वाळक्या फांद्या, मग एकमेकींना घासणाऱ्या. उरलेल्या निम्म्यावर आणायच्या, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, जरा वर तिरका काप देऊन. झुडूप मधून वाटीसारखं मोकळं झालं पाहिजे. स्वतःचं आटोपलं की हा आमच्या कुंपणावरून डोकावणार.

"तुमची ती मधली फांदी मला झोपू देत नाही," असं म्हणेपर्यंत ती खाली पडलेली असे.

एकाच झाडाला हात लावायची त्याला बंदी होती: त्याच्याच परसातल्या कमानीवरचा पांढरा वेलगुलाब. तो त्याच्या बायकोच्या, लॉर्नाच्या, आईने लावलेला. वर्षातून एकदाच, जूनमध्ये, गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलणारा. त्याची छाटणी फुलं येऊन गेल्यावर. फेब्रुवारीत कात्री लागली की ते वर्ष गेलंच.

हे ऑर्विलला पाठ होतं. पण एका वर्षी जूनमध्ये त्याच्या मुलीचं, केर्स्टनचं, लग्न त्याच कमानीखाली ठरलेलं. कमान नीटनेटकी दिसावी म्हणून फेब्रुवारीत, लॉर्ना बहिणीकडे गेलेली असताना, तो "फक्त टोकं" कापायला गेला. ती परतली तेव्हा कमानीवर खुंट होते.

"न्हाव्याकडे नेलं होतंस का याला?"

"जरा नीट केला."

"लग्नाला आलेले लोक काय बघणार, ऑर्विल? तुझं टक्कल?"

मग तो रोज सकाळी कमानीखाली उभा राहून कळ्या शोधू लागला. पानं भरपूर, कळी एक नाही.

"दुकानातून फुलं आणू का?" त्याने मे महिन्यात विचारलं.

"प्लास्टिकची आण. छाटायची कटकट नाही."

लग्नाच्या आठवड्यात मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होतो. सहज वर पाहिलं आणि डबा हातातच राहिला. त्यांच्या शेडमागची नाशपती शेंड्यापासून पांढरी झाली होती. नाशपती तर एप्रिलमध्येच फुलून गेलेली! मी हाका मारून दोघांना बाहेर काढलं.

वेलाची एक फांदी केव्हातरी कुंपणाच्या आडून, शेडमागून गुपचूप झाडावर चढली होती. तिथे ना ऑर्विलची शिडी पोचली, ना नजर. आता ती वरून धबधब्यासारखी कोसळत होती. शेकडो झुपके, आणि आत मधमाश्यांची इतकी दाट गुणगुण की झाडच श्वास घेतंय असं वाटावं. ऑर्विलने टोपी काढली. मीही काढली असती, पण माझ्या हातात डबा होता.

"याला मी कधी बांधलं नाही, कापलं नाही," तो पुटपुटला.

"म्हणून तर," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाजही खालीच होता.

खुर्च्या कमानीकडून झाडाकडे वळवल्या. लग्न लावताना पाद्रीबाबा वर बघत राहिले आणि नवऱ्या मुलाचं नावच विसरले. कोणी हसलं नाही. सगळेच वर बघत होते.

जुलैत पाकळ्या गळून गेल्यावर लॉर्नाने कात्री त्याच्या हातात दिली.

"आता. फुलून गेलेल्या म्हाताऱ्या फांद्या बुडापासून काढ. कोवळ्या हिरव्या राहू दे."

ऑर्विल कमानीशी गेलाच नाही. तिथे फुलून गेलेलं होतंच काय? शेडमागे जाऊन त्याने एका फांदीला बोट लावलं.

"ही?"

"ही नाही."

"मग ही?"

संध्याकाळपर्यंत तो विचारतच होता.