चार अक्षरांचा बाबू

गेमचं मशीन बाबूनं बिघडवलं म्हणं! शिरीष सामानाची खोकी आणायला गेलाय, न्हाईतर तोंडावर इचारलं असतं. संदीप, तू ऐक. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ह्या घरात चार गडी एका जुन्या गेमवर बसलं, की किस्सं उकिरड्यावानी वाढत्यात. आन शेवटी समदा दोष हाटेलातल्या तंदूरवाल्यावर, म्हंजी माझ्यावर!

शनवारी त्यो डबडं घेऊन टेक्सासात प्लेनोला रहायला चालला. त्याच्या आत शेवटचा राक्षस मारायचाय. आन माझी गत काय झालीया?

*

गराज सेलमधनं, कुणाच्या तरी जुन्या सामानातनं डबडं आणलं तवाचं आठव. शिरीष म्हणाला, "बाबूभाऊ, हे गेम आधी कागदावर, फाशांनी खेळायचे. मग कॉम्प्युटरवर आले. तिथला अख्खा कीबोर्ड ह्या लोकांनी चार बटणांत बसवला. टीव्हीवर सगळं इथून सुरू झालं, यार!"

बसवला कसा? हिरो जिन्यावर हुभा, पर चढंना! मेनू उघडायचा, त्यात 'जिना' निवडायचा, मग गडी चढणार.

म्या म्हणलं, "आमचा रेडा बरा की! न सांगता पायरी चढतोय."

*

फुडं एक गाव लागलं. शिरीष सरळ एका म्हातारीच्या घरात घुसला, पेटी उघडली, औषध खिशात! म्हातारी समोर हुभी!

म्या कंट्रोलर हिसकला. "हिरो हायस का चोर?"

"अहो, गेममध्ये चालतं."

"माघारी ठेव!"

तर ठेवायचं बटणच न्हाई. तवापास्नं मी आधी म्हातारीशी बोलतो, मगच पेटी उघडतो. ती इंग्रजीत काय म्हणती ते वाचता येत न्हाई, पर इचारपूस नगं?

*

मग दुसऱ्या गेमचं कार्टरिज आलं. त्यात चार हिरो, आन नावाला इंग्रजी चारच अक्षरं. काका आन बाबू तेवढं अख्खं बसलं. शिरीषचा शिर झाला. तुझं नाव वाचून घरमालक कुलकर्णी काका हसून हसून खुर्चीतनं घसरलं. तू वरडत हुतास, "बे, सांड काय सांड! बदल ना!"

तुमी ऑफिसात, मी दुपारचा मोकळा. जंगलात घाण्याच्या बैलावानी गोल फिरायचं, भुतं मारायची, चौघांची ताकद वाढवायची. तीन आठवडं म्या फिरवलं. संध्याकाळी शिरीष येतो, लेव्हल बघतो, म्हणतो, "वा! मी केवढा स्ट्राँग झालो!"

तू?!

*

आन खंडेनवमीला काय गुन्हा केला म्या? काकांच्या स्टेथोस्कोपला, तुमच्या लॅपटॉपला, माझ्या तंदूरच्या सळीला हळदकुंकू लावलं. मग कार्टरिजलाबी लावलं. घरात सगळ्यात जास्त तेच राबतंय! बजावलं हुतं, पुजलेल्या हत्याराला आज हात लावू नगा.

ऐकलं? शिरीषनं सकाळीच कार्टरिज काढलं, धूळ उडवायला त्याच्या तोंडात फुंकर मारली, आन सगळं कुंकू ह्याच्या तोंडावर! लालभडक थोबाड घिऊन मिटिंगला गेला. मॅनेजर म्हणाली, "शिरीष, यू शुड सी अ डॉक्टर."

घरी येऊन काकांना दाखवलं. काका म्हणाले, "तोंड धू."

गेम सुरू झाला का न्हाई? झाला! मग बिघडवलं कुणी?

*

आता माझं ऐक. परवा गुहेच्या तोंडाशी शिरीष म्हणाला, "बाबूभाऊ, तुम्ही दणकट, तुम्ही पुढं व्हा." झालो. फुडच्याला जास्त मार बसतो, हे त्याला ठावं हुतं! अजगरानं लोळवलं मला.

देवळात नेऊन सोनं वाहिलं, की मेलेला उठतो. नेलं? त्याच सोन्याची ह्यानं सोताच्या हिरोला तलवार घेतली! दोन दिस झालं, माझं मढं मागं ओढत फिरताय. जंगलात फिरवलं कुणी तुमाला? आन राक्षस मरताना मी आडवा?

काकांना म्हणलं, "काका, गेममधी बी वैद्य तुमीच. तुमी तरी त्याला सांगा, मला उठीव म्हणून."

काकांनी चहा ढवळला. म्हणाले, "बाबू, मी रिटायर झालोय."

दुकानातलं, देवळातलं इंग्रजी मला वाचता येत न्हाई. तुला येतंय. त्यो खोकी घिऊन दारात यायच्या आत कंट्रोलर घे, ती तलवार इक, आन मला देवळात ने.