कुणी शेवट सांगू नका

गडहिंग्लजहून सावंतवाडीची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एका दिवसाचे कपडे, पाण्याची बाटली आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाईल होता. या खेपेला मोबाईल हेच खरं सामान होतं. त्यात विनयाचा आवाज होता.

आम्ही दहा-अकरा जण कादंबऱ्यांमुळे एकमेकांना ओळखतो. कुणी लातूरचं, कुणी डोंबिवलीचं. दर रविवारी संध्याकाळी फोनवरच्या ग्रुपवर प्रत्येकानं सांगायचं, सध्या कोणती कादंबरी वाचतोय, कुठवर आलो, काय आवडलं. नियम एकच, शेवट सांगायचा नाही. बाकीचे आम्ही लिहून पाठवायचो. विनया परब तेवढी बोलून पाठवायची. टाईप करताना मजा निघून जाते, म्हणायची.

ती चौक्याजवळच्या वाडीत राहायची. चौके म्हणजे मालवणच्या अलीकडचं गाव. मालवणात एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती आणि भातलावणीच्या दिवसांत रजा घेऊन आईवडिलांबरोबर शेतात उतरायची. मी तिला प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते. या पावसाळ्यात तिला लेप्टो झाला. उंदरांमुळे शेतातलं पाणी दूषित होतं आणि पायावरच्या एखाद्या जखमेतून हा ताप अंगात शिरतो. तिला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथून ती परत आली नाही. एकतीस वर्षांची होती.

दुकानातल्या तिच्या मैत्रिणीनं कळवलं तेव्हा मी तिच्या वडिलांना फोन केला. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "काका, तिचे बोललेले निरोप माझ्याकडे आहेत. पाठवून देते."

"खंय (कुठं) पाठवतलात?" ते म्हणाले. "माझो फोन बटनाचो. तिचो आसा, पण तो उघडना नाय." मग म्हणाले, "तुम्ही येशात काय? कापणी झाल्यार येवा."

म्हणून कापणी उरकल्यावर मी निघाले.

आंबोलीला गाडी चहासाठी थांबली. पावसाळ्यात जिथं उभं राहायला जागा नसते तिथं आता दोन टपऱ्या उघड्या होत्या आणि धबधब्याच्या जागी काळ्या दगडावरून पाण्याची एक बारीक धार उतरत होती. भजीवाल्यानं कुठं निघालात विचारलं. मालवणला, म्हटल्यावर तो म्हणाला, "फिरायला? मजा करा." मी मान हलवली.

सावंतवाडीला आणि मग कुडाळला गाडी बदलली. चौके आलं की सांगा, असं कंडक्टरला बजावून मी खिडकीशी बसले. धामापूरचा तलाव झाडांतून लकाकताना पाहिला आणि माझा डोळा लागला. जागी झाले ती मालवणच्या स्टँडवर. कंडक्टर ओशाळून म्हणाला, गर्दीत राहूनच गेलं. आता आलेच आहे तर, म्हणून मी बंदरापर्यंत चालत गेले. मासळीचा लिलाव आटोपला होता. ओल्या जमिनीवर कावळे हिंडत होते आणि पुण्याकडची काही मंडळी किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढत होती. समुद्र निळाशार होता. मला तिथं फार वेळ उभं राहवेना.

रिक्षावाल्याला वाडीचं आणि परबांचं नाव सांगितलं.

"खंयचे परब? ज्यांच्या चेडवाक (मुलीला) लेप्टो झालो ते?"

मी हो म्हटलं. त्यानं रिक्षा सुरू केली.

घर जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढं कापलेल्या भाताचे कोरडे बुडखे आणि पलीकडं काजूची झाडं. परबकाका उंच आणि वाळलेले. ते खळ्यातच उभे होते. काकींनी पायांवर घ्यायला पाणी दिलं आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तू मोठी आसस. माका वाटला, तिच्याच वयाची आसतलंस."

चहा झाल्यावर ओटीवर बसून मी पहिला निरोप लावला. तो उन्हाळ्यातला होता. विनया हसत हसत एका विनोदी कादंबरीतली लग्नाची पंगत सांगत होती. ते हसणं ऐकताच काकी उठून आत गेल्या. भांडी हलवल्याचा आवाज आला. मी मोबाईल बंद केला. काका जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळानं काकी परत आल्या, पदरानं हात पुसत दाराशी बसल्या.

"परत लाव गो," म्हणाल्या.

मग मी एकामागून एक निरोप लावत गेले. शेवटच्या महिन्यातले सगळे एकाच कादंबरीबद्दल होते. ती मीही त्याच वेळी वाचत होते, आम्ही दोघींनी ठरवून घेतली होती. तिच्यात सोना नावाची एक बाई आहे. तिचा धाकटा भाऊ ऊसतोडीला गेला तो परतलेला नाही आणि ती त्याला शोधत एका कारखान्यावरून दुसऱ्या कारखान्यावर फिरते. विनयाला ती बाई फार आवडली होती. "काय भांडते ती मुकादमाशी," एका निरोपात ती सांगते, "माझ्या आईसारखी. आईला वाचून दाखवणार आहे, पण ती बसेल तर ना."

"माका कधी सांगूक नाय," काकी म्हणाल्या. "मी बसलंय आसतंय."

शेवटच्या निरोपातला आवाज जड आणि तुटक होता. "अंगात ताप आहे. पोटऱ्या दुखतायत, म्हणून जास्त वाचलं नाही. सोना नदीवर येऊन पोचलीय. पलीकडच्या फडात तिच्या भावासारखा कुणीतरी आहे म्हणतात. होडी सकाळी येणार. मला तर धीर धरवत नाहीये. पण कुणी शेवट सांगू नका हां. उद्या वाचीन."

ओटीवर उजेड कमी झाला होता. काकींनी दिवा लावला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता ती गोष्ट सांग. पयल्यापासून."

मी सांगितली. सोनाचं घर, तिची आई, भावाचा मोडका मोबाईल, प्रत्येक कारखान्यावर भेटलेली माणसं. आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. काकी मध्ये मध्ये विचारत होत्या, तिनं तिथं खाल्लं काय, झोपली कुठं. मी नदीपर्यंत आले.

"मगे?" काकांनी विचारलं.

"पुरे," काकी म्हणाल्या. "तिना सांगितल्यान ना, शेवट सांगू नको म्हणान. ती थंयसर (तिथवर) गेली. आमीय थंयसरच."

"अगो, पण..."

"नको म्हटलंय."

जेवायला कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा होता. आम्ही तिघंही पानात बघून जेवलो. मला विनयाच्या खोलीत अंथरूण घातलं होतं. खिडकीत ती कादंबरी होती, मध्ये खुणेला केसांची पिन घातलेली. मी हात पुढे केला तेव्हा काकींनी पुस्तक उचललं, हलक्या हातानं कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार लावलं.

सकाळी घावणे आणि चहा झाला. मला कोल्हापूरला बहिणीकडे जायचं होतं, तेव्हा परतीची वाट तळेरे, गगनबावड्यावरून होती. काका मला सोडायला चौक्याच्या नाक्यावर आले. गाडी आली, मी चढले, आणि माझी पिशवी वर देता देता तेही चढले.

"कसालपर्यंत येतंय," म्हणाले. त्यांनी तिकीट काढलं आणि शेजारी बसले. कट्टा गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "बाई, पुढे सांगा."

"काका, काकी नको म्हणाल्यात."

"ता तिचा झाला. माका व्हया."

मग त्यांनी सांगितलं. गोव्याच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी विनया तापात बरळत होती. सारखं एकच विचारायची, गावलो काय तो (सापडला का तो). तिचा सख्खा भाऊ मस्कतला असतो. त्याला कळवायला सगळे धडपडत होते आणि फोन लागत नव्हता. काकांना वाटलं, ती त्याच्याबद्दल विचारतेय.

"मी म्हटलंय, गावलो गो, येतासा (येतोय). तशी ती हसली. मगे बोलूक नाय." त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला होता. "काल तुमच्या मोबाईलात आयकलंय, तेव्हा कळला. ती झिलाचा (मुलाचं) विचारी नव्हती. त्या गोष्टीतल्या भावाचा विचारी होती. आता माका सांगा, मी तिका खरा सांगितलंय की खोटा?"

कसाल आलं. काका उठले नाहीत. कंडक्टर जवळ आला तेव्हा त्यांनी कणकवलीचं तिकीट मागितलं.

मी सांगायला सुरुवात केली. खरं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. तेच वाक्य तोंडातून निघत नव्हतं, म्हणून मी सगळं क्रमानं सांगत गेले. सकाळी होडी येते. सोना पलीकडे जाते. फड मोठा आहे, माणसं पांगलेली आहेत, कुणी धड उत्तर देत नाही. भावाचा सदरा तिला लांबून दिसतो आणि ती हाका मारत धावते. काका माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. बाहेर हायवेचं काम, डंपर, धूळ. कणकवलीला अर्धी गाडी रिकामी झाली आणि पुन्हा भरली. कंडक्टरनं नुसतं काकांकडे पाहिलं.

"तळेरा," काका म्हणाले.

मनात आलं, सापडला म्हणून सांगावं. ते काही पुस्तक उघडून बघणार नव्हते आणि काकी ते कपाट उघडू देणार नव्हत्या. पण ज्या माणसानं कसाल सोडलं, कणकवली सोडली, तो धीर देणारं काही ऐकायला आला नव्हता. त्याला खरं हवं होतं.

"तो भाऊ नसतो, काका. त्याचा सदरा घातलेला दुसराच माणूस असतो. भाऊ आधीच्या हंगामातच गेलेला असतो."

"मेलो?"

"हो."

त्यांनी पुढच्या सीटचा दांडा पुन्हा धरला. मग म्हणाले, "तेवढ्यार संपता?"

"नाही. सोना घरी परत जाते. आई दारात असते. सोना तिला सांगते, सापडला, बरा आहे, पुढच्या वर्षी येतो म्हणालाय."

"आवशीक (आईला) पटता ता?"

"ते लिहिलेलं नाही. तिथंच कादंबरी संपते."

काकांनी मान हलवली. तळेऱ्याच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा ते सावकाश उठले. "हिका सांगा नको," एवढंच म्हणाले आणि उतरले. गाडी वळेपर्यंत मला ते दिसत होते. देवगडकडे जाणाऱ्या माणसांच्या घोळक्यातून वाट काढून ते हायवे ओलांडायला उभे होते आणि ट्रकमागून ट्रक येत होते, त्यामुळे त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं.

गगनबावड्याचा घाट मी न बघताच चढले. बहिणीनं विचारलं, कसं झालं कोकण? मी म्हटलं, छान. घरी येऊन कामाला लागले. रविवारी दुपारी काकांच्या नंबरावरून फोन आला. बोलत होत्या काकी.

"तू तेंका सांगितलंस."

"हो, काकी."

"घराक इल्यापासून गप आसत. जेवाक बसतत आणि उठतत. माका सांगनत नाय. तूय सांगू नको." मग म्हणाल्या, "येकच सांग. शेवट वायट आसा?"

मी हो म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "मगे ती थंयसर पोचूक नाय, ता बरा झाला." आणि फोन ठेवला.

त्यांना बरं वाटावं असं काही मी बोलायला हवं होतं का, काकांशी खोटं बोलायला हवं होतं का, याचा विचार मी अजून करते. माणसं कोकणातून आमसुलं आणि काजू घेऊन येतात. मी जाताना आवाज घेऊन गेले, तो त्यांना ऐकवला, आणि येताना त्या घरात एक गोष्ट ठेवून आले. ती एकाला पूर्ण ठाऊक आहे, दुसरीला अर्धी, आणि दोघं एका ओटीवर बसून त्याबद्दल बोलत नाहीत.

संध्याकाळी ग्रुपवर नेहमीसारखे निरोप येऊ लागले. लातूरच्या सरांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली होती. डोंबिवलीची मैत्रीण एका रहस्यकथेत रंगली होती आणि खुनी कोण हे कुणी सांगू नये म्हणून हात जोडत होती. सगळ्यांचं झाल्यावर कुणीतरी मला विचारलं, तुम्ही सध्या काय वाचताय?

मी लिहिलं, सध्या काही नाही.