ओटीवाली

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी अंगणात बाज कसली. दोरी ढिली झाली होती, निजलं की पाठ जमिनीला टेकायची. एका अंगानं मी, दुसऱ्या अंगानं आमची बुढी, म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "ओढा ना जी, भाकर खाल्ली नाही का?" मी म्हटलं, "तूच ओढ. अख्ख्या गावाच्या हातातून ओढून राह्यली, तुले सवय हाये." ती हसली नाही. गाठ मारायच्या आधी दोरीवर पाय देऊन तिनं आणखी एक बोट ओढून घेतली. काम झालं असं मी म्हटलं की तिला त्यात एक बोट बाकी दिसायचंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, राळेगावहून दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मी दुसरी शिकलेला माणूस, लिहायला वेळ लागतो. तो वेळ ती कशी होती हे सांगण्यात जावा.

गाव तिला ओटीवाली म्हणायचं. कापूस वेचताना बाया कमरेला फडकं बांधून त्यात कापूस टाकत जातात, ती ओटी. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. त्या दिवशी ही वावरात हजर. म्हणायची, "लगनात पोरीची ओटी भरता, एक डाव शाळेची भरा. पहिली ओटी शाळेची." गावातल्या मुलींच्या शाळेला तेव्हा ना संडास होता, ना प्रयोगाची खोली. पोरी मोठ्या झाल्या की घरी बसायच्या. शाळेच्या मोठ्या बाईंनी वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आणली होती. बुढी त्यांना म्हणाली, "बाई, पुस्तक पाहलं की लोकायले घरात काम आठवते. कापूस समोर असला की नाही म्हणता येत नाही."

पहिल्याच वर्षी एका मोठ्या शेतकऱ्यानं तिला कवडी दिली. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, ज्याला बाजारात कोणी विचारत नाही. बुढीनं तो तिथंच, त्याच्या ओसरीवर, चार माणसांसमोर ओतला. म्हणाली, "भाऊ, आमच्या पोरी कवडीच्या नाहीत." मी मागं उभा होतो. मला वाटलं, आता गावात राहणं मुश्कील. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाची बैलगाडी शाळेसमोर उभी राहिली, पांढऱ्याशुभ्र कापसानं भरलेली. गाडीवान म्हणे, "मालकानं सांगतलं, ओटीवालीले दाखवूनच उतरवजो."

ती बंजाऱ्यांच्या तांड्यावर निघाली तेव्हा मी म्हटलं, "त्यायच्या पोरी आपल्या शाळेत येतच नाहीत, तू कायले जातं?" म्हणाली, "म्हणून तं जातो." कापूस आणला थोडाच, पण पुढच्या जूनमध्ये तांड्यावरच्या पाच पोरी शाळेत आल्या. तिथल्या बाया तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई. घरी येऊन ती मला ऐकवायची, "तुमाले कोण म्हणते का काही?"

कापूस विकून संडास झाले, नळ आला, प्रयोगाची खोली झाली. तरी तिची ओटी सुटली नाही. आता बँकेत ठेव ठेवायची म्हणाली, व्याजावर दरवर्षीची दुरुस्ती, सफाई, खोलीतलं सामान. मुद्दलाला हात नाही. शाळा समितीतल्या माणसांना हे समजेना. एक जण म्हणाला, "पैसा असून वापरायचा नाही, हे कसं?" तर ही म्हणते, "तुमच्या घरी विरजण हाये ना? सारं दही खाऊन टाकलं तं उद्या दूध कशानं लावसान?" त्या दिवशी ठेव झाली. मोठ्या बाईंनी सांगितलं की इतकं नीट त्यांनाही सांगता आलं नसतं. मी घरी आल्यावर तिला काही बोललो नाही. छाती मात्र फुगली होती.

एक गोष्ट लिहायची राहिली. आमची कमल सातवी पास झाली, तेव्हा मीच तिला शाळेतून काढलं. म्हटलं, शिकून काय करते. पोरगी दोन दिवस जेवली नाही. ओटीचा उद्योग बुढीनं त्यानंतरच सुरू केला. मला त्यावरून एका शब्दानं बोलली नाही कधी. बोलली असती तर मीही भांडलो असतो, फिटलं असतं.

यंदा समितीच्या अध्यक्षांनी शाळेपुढं मोठी कमान बांधायची काढली. त्यासाठी ठेव मोडायची. बुढी समितीत होती. म्हणाली, "कमानीखालून पोरी येतील, पण नळ आटला तं जातीलही त्याच कमानीखालून." बैठक ठरली, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी ती गेली. संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो.

सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि शाळेत गेलो. कमल म्हणाली, "बाबा, घरी सुतक हाये, लोकं भेटाले येतीन." म्हटलं, "बसव त्यायले."

बैठक सुरू झाली होती. मला पाहून सगळे उठले. अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमी आज काहून आले? आमी दोन मिनिटं उभं राहणारच होतो काकीसाठी." मी म्हटलं, "उभं राहू नका. बसा, अन् ऐका." आयुष्यात मी चार माणसांत कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "माही पोरगी हुशार होती. मी तिले सातवीनंतर शाळेतून काढलं. ते मी मोडलं, ते काही जुळलं नाही मंग. हे तुमी मोडू नका."

बाहेर पोरींची प्रार्थना चालू होती. ती संपल्यावर अध्यक्षांनी बाईंना खूण केली आणि बाईंनी रजिस्टरमधला ठेव मोडायचा विषय खोडला. मग रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं, तुम्ही हजर होता, सही करा म्हणाल्या. मी एकेक अक्षर काढत बसलो. वेळ लागला. कोणी घाई केली नाही.