उतरलेलं विमान

गणपतीचे डोळे आखायला बसला की आमचा रंगारी मूर्तीलाच दटावायचा, "हलू नको रे, बाप्पा." मूर्ती कशाला हलेल? पण पेणच्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात तेवढा वेळ कुणी खोकतसुद्धा नसे. तुम्ही असतात तर तुम्हीही गप्प उभे राहिला असतात.

रोज रोह्याहून गाडीने यायचा. एकुलती एक पोरगी हवाई दलात मेकॅनिक. लढाऊ विमान तयार करून सोडायचं आणि ते परत येईपर्यंत वाट पाहायची, हे तिचं काम. म्हणून त्या वर्षी घरच्या मखरात कागदाचं लढाऊ विमान ठेवायचं त्याने ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत कापाकापी चाले. हाताला सवय मूर्तीची, म्हणून त्याने वर पाण्यात कालवलेल्या खडूचा गुळगुळीत थर दिला. सकाळी बघतो तर दोन्ही पंखांनी मान टाकलेली.

"विमान हाय का भिजलेलं कोंबडं?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला आणि दुसरं करायला बसला, पंखांत अगरबत्तीच्या काड्या घालून.

तेवढ्यात सीमेवर पेटलं. बातम्यांत पोरीच्या तळाचं नाव आलं आणि तिचा फोन लागेनासा झाला. मग तो त्या विमानावरून उठेचना. पत्र्याचे सांधे, खिळ्यांचे ठिपके, इंधनाच्या झाकणाची गोल रेघ, सगळं बारीक ब्रशने काढत बसला.

"चाकं काढ. दोऱ्याला टांगू, उडतंय असं वाटंल," मी उगाच काहीतरी बोललो.

"उडतंय नाय दाखवायचं!" तो खेकसला. मग हळूच म्हणाला, "उतरलेलं दाखवायचं. सगळी विमानं उतरली की पोरगी निजते."

अखेर तिचा फोन आला तेव्हा आख्खा कारखाना हातातलं टाकून उभा. "जेवलीस का गो?" एवढंच त्याने विचारलं. पोरगी सुखरूप होती. आम्ही पेढे आणले. पण पेढा घेताना त्याचा हात थरथरत होता, आणि ती थरथर पुढे थांबलीच नाही. मूर्तीच्या डोळ्यापाशी ब्रश नेऊन त्याने तसाच परत ठेवला. पुढच्या हंगामात तो आला नाही. मला फार वाईट वाटलं.

मग मीच रोह्याला गेलो. पोरगी सुट्टीवर आलेली. चहा सांडू नये म्हणून बापाचा कप तिनेच धरला होता.

"बाबा, आता कशाला घाबरता? मी हाय ना इथं?"

"आज हाय," तो म्हणाला.