माघारी वळणारी माणसं

गर्दी कशी चालते, हा माझ्या संशोधनाचा विषय. संगणकात एक इमारत उभी करायची, तिच्यात माणसांऐवजी ठिपके सोडायचे आणि धोका आला की ते दाराकडे कसे सरकतात, कुठे तुंबतात ते बघायचं. आमच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव याच ठिपक्यांवरून शिकतो. गर्दीतून कुणाला धक्का न लावता वाट काढायची आणि घाबरलेल्या माणसांना बाहेर न्यायचं, एवढंच त्याचं काम.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं फारसं कळत नसे. ते लातुरात क्लासच्या पोरांसाठी मेस चालवायचे. भूकंपात किल्लारीच्या पट्ट्यातलं आमचं गाव जमीनदोस्त झालं तेव्हा मी कडेवरची होते. आई आणि माझी मोठी बहीण अक्का, दोघी गेल्या. अण्णांनी शेत भावाच्या हवाली केलं आणि मला घेऊन लातूर गाठलं. साधा चहा न येणारा तो माणूस शेजारणींना विचारत विचारत भाकरी थापायला शिकला. शिकवण्या वाढल्या तशी गल्लीत उदगीर, नायगाव, पार माहूरकडचीही पोरं येऊ लागली. त्यांना जेवू घालत अण्णांनी मला नांदेडला इंजिनिअर केलं.

आईबद्दल त्यांचं एकच वाक्य असायचं. "झोपेतच गेली बिचारी. तिला कळलं बी न्हाई." अक्का तिच्या कुशीत असणार, हे मी माझ्या मनानंच जोडून घेतलं होतं.

एका उन्हाळ्यात मी मेसच्या गच्चीवरून गल्लीचं चित्रीकरण करायला आले. क्लास सुटले की सायकली आणि वडापावचे गाडे चुकवत पोरं कशी वाट काढतात, ते मला टिपायचं होतं. दुपारची जेवणं उरकल्यावर अण्णा हात पुसत वर आले.

"काय करायलीस, माय? मला बी दाखव की."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक इमारत होती. ठिपके जिन्यावरून उतरून दारातून बाहेर पडत होते. त्यातला एक बाहेर येऊन थांबला, वळला आणि येणाऱ्यांच्या उलट्या दिशेनं आत शिरू लागला.

"ह्यो कुठं चालला?"

"आपलं कुणी आत राहिलं असेल तर माणसं माघारी जातात, अण्णा. म्हणून काही ठिपके तसे ठेवलेत."

खाली ताटं घासल्याचा आवाज येत होता.

"तुझी आई भाईर आलती," ते म्हणाले.

मी पडद्यावरचे ठिपके थांबवले.

"तू माझ्या खांद्यावर व्हतीस. ती माझ्या मागंच निघाली. अंगणात आलो. मला वाटलं अक्का तिच्याजवळ हाय, तिला वाटलं माझ्याजवळ. तिनं अंधारात तुला चाचपून बघितलं आन् वळली. मी म्हणलं, थांब, मी जातो. तर म्हणली, तुम्ही हिला धरा. दारापाशी पोचली आन् भिंत अंगावर आली."

"मग झोपेत गेली असं का सांगत होता?"

"दुसरं काय सांगू? ती भाईर आलती आन् मी जाऊ दिलं, असं सांगू?"

मी लॅपटॉप मिटला. त्यांचा हात धरावासा वाटला, पण दोन्ही हात गुडघ्यांत दाबून ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "तुला खाली ठिवायला बी भ्यालो," एवढं बोलून ते उठले. संध्याकाळी नेहमीसारखं पोरांना आग्रह करकरून वाढत होते.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेत प्रश्न निघाला की, माणूस माघारी वळला तर यंत्रमानवानं काय करायचं? एक सहकारी म्हणाला, आडवं उभं राहायचं. विचार केला तर त्याचं बरोबर होतं. ते काम माझ्याकडे आलं आणि मी केलं. फोनवर अण्णांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आईनं त्याला बी ढकलून दिलं असतं." मग म्हणाले, "पण आडवा आला असता तर बरं झालं असतं."

पुढच्या थंडीत अण्णा गेले. मेस होती तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे.

चाचणी असते तेव्हा दारातून बाहेर येऊन पुन्हा आत वळणाऱ्या माणसाचं काम कुणाला तरी करावं लागतं. विद्यार्थी ते हसत हसत करतात. मी त्या वेळी खोलीबाहेर जाऊन उभी राहते.