हजार वर्षांपूर्वीची ती बाई

शेवट वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. जुने इंग्रज कवी असंच करायचे. वाटोळं होणार हे सुरुवातीलाच सांगून मोकळे व्हायचे, आणि मग वाचणारा शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसायचा. एम.ए.ला असताना मला त्यांचं हेच आवडायचं. आता आवडत नाही. तर ऐका: मी माझ्या मैत्रिणीचं वर्ष खाल्लं, आणि वर्षासोबत तिची नोकरीही. कसं खाल्लं, तेवढंच सांगायचं राहिलं आहे.

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या कॉलेजात इंग्रजीचे एकच पक्के सर होते. ते गोंदियाकडचे, ते तिकडेच निघून गेले. त्यांच्या जागी तासिकेवरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे, सर आले. माणूस चांगला होता, पण दोन कॉलेजं आणि चार पेपर एकटाच ओढायचा. आम्ही शेवटच्या वर्षाला मोजून सहा जणी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी साहित्याचा पेपर होता. पुस्तक लायब्ररीत एकच, तेही अर्ध्यातून फाटलेलं.

त्यामुळे सगळा भरवसा वहीवर. पहिल्या बॅचच्या कोण्या हुशार मुलीनं या पेपरच्या नोट्स काढल्या होत्या, असं म्हणत. तिची मूळ वही कोणी पाहिली नव्हती. दरवर्षी जुन्या बॅचची एक जण आपली वही नव्या बॅचला द्यायची आणि नव्या पोरींनी ती हातानं उतरवायची. झेरॉक्स काढायची नाही. हातानं लिहिलं तरच डोक्यात जातं, हा तिथला नियमच झाला होता. त्या वर्षी वही माझ्याकडे आली होती.

सर एकदा जुन्या पोथ्यांबद्दल सांगत होते. मठात बसून साधू लोक पोथ्या उतरवायचे. थंडीनं बोटं आखडायची, डुलकी लागायची, एखादी ओळ सुटून जायची. कोणाला वाटायचं की इथे अजून थोडं पाहिजे, तर तो आपल्या मनाचं घालायचा. पुढचा तेही इमानदारीनं उतरवायचा. "आता कवीचं कोणतं आणि उतरवणाऱ्याचं कोणतं, कोण सांगणार?" सर हसून म्हणाले. आम्हीही हसलो. माझ्या डोक्यात ते वाक्य तेव्हाच जाऊन बसलं असणार.

माझी मैत्रीण सिहोऱ्याकडची, मी एकोडीची. कॉलेजजवळ एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. एक स्टोव्ह, एक पलंग. पलंगावर तिनं मला झोपू द्यायचं आणि मी झोपायचं, असं आमचं चाले. तिच्या घरी शेती नव्हती. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की तिचे आजोबा घरातल्या प्रत्येकाला विचारायचे, आज काय वाचलं? लहान पोरांनाही सुटका नसायची. तिच्या गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची जागा रिकामी होणार होती. एम.ए.चा निकाल घेऊन जूनमध्ये या, असं त्यांनी तिला तोंडी सांगून ठेवलं होतं. तिच्या घरातली ती पहिली पगाराची नोकरी ठरली असती. पूर्ण घर त्या जूनकडे डोळे लावून होतं.

आमच्या घरी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, भरपूर. पण मला कोणी कधी चिखलात उतरू दिलं नाही. पोरगी शिकते ना! रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मी शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्री घेऊन बसायची आणि मजूर बायांना चहा द्यायची. एवढाच काय तो माझा हात शेतीला लागलेला.

रोवणा सुरू झाला तशी ती आईसोबत मजुरीला गावी गेली. मधेच एका दिवसासाठी परत आली, कॉलेजात निबंध द्यायचा होता म्हणून. त्या दिवशी सरांनी आम्हा दोघींचे निबंध वर्गात वाचून दाखवले. मग मला म्हणाले, "तुझं वाचून वाटतं, तू पुस्तक वाचलं आहेस. हिचं वाचून वाटतं, ही तिथं जाऊन आली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरून ती उभी राहून म्हणते, "सर, तिची इंग्रजी माझ्याहून चांगली आहे." तिनं माझी बाजू घेतली, याचाच मला जास्त राग आला. कोणी सांगितलं होतं बाजू घ्यायला?

दुपारी खोलीवर ती पाय सोडून बसली. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, पांढरं पडून सडलेलं कातडं. त्यावर ती तेल-हळद लावत होती. हाताची बोटंही सुजली होती. हळू आवाजात म्हणाली, "दहा दिवस झाले ना, की बोट आपलं हाय का चिखलाचं, काहीच समजत नाही. अन् तो बांधीवाला आमचं नाव नाही घेत. वळीत उभं राहतो त्याच्यावरून हाक मारते. मी तिसरी. 'ए तिसरी, हात चालव.' आईले सांगितलं नाही मी, की मले त्याचा राग येते. ती म्हणन, शिकून राहिली म्हणून तुले लाज वाटते." मग वही पुढे सरकवून म्हणाली, "शेवटचा भाग तेवढा उतरवून ठेवशील माझ्यासाठी? विलापाच्या कविता. माझा हात चालूनच नाही राहिला."

हो म्हटलं मी. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्या कागदांवर तो भाग उतरवायला बसले. रागानं हात भरभर चालत होता. जुन्या विलापाच्या कवितांना नाव नसतं, कवी माहीत नसतो, कोणीतरी घरादाराला मुकलेलं माणूस थंडीत एकटं बोलत असतं. तीन कविता झाल्या आणि मी चौथी घातली. ती मुळात नव्हतीच. मी रचली. गुडघाभर गार पाण्यात उभी राहून काम करणारी एक बाई. तिला मालक नावानं ओळखत नाही, रांगेतल्या जागेवरून ओळखतो. पाणी कुठे संपलं आणि बोटं कुठे सुरू झाली, हे तिला कळत नाही. वर चार ओळींची समीक्षाही लिहिली: ही कविता फारशी परिचित नाही, पण या काळातला स्त्रीचा असा आवाज दुर्मिळ आहे, वगैरे. ती परत आली की दाखवायचं, "जाऊन आलीस ना तिथं? ओळख बरं!" आणि फजिती करायची, एवढाच बेत होता. असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे मला तिला टोचायचं होतं, आणि कुठं टोचलं की दुखेल ते तिनंच आदल्या दिवशी दाखवलं होतं.

ती परत आली. खाली फरशीवर बसून तिनं कागद वाचले. चौथ्या कवितेवर थांबली. परत वाचली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अवं, हे पाह्य!" ती म्हणाली. "मले वाटे हे आपल्यालेच होते. हजार वर्षांपासून होऊन राहिलं हे. कोण्या बाईनंच लिहिलं असन हे, माणसाले हे सुचतच नाही."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती रडत होती आणि हसतही होती, आणि मी स्टोव्हला पिन मारायला उठले.

पुढे रोज सांगणं अवघड होत गेलं. तिनं सगळ्या नोट्स नव्या रजिस्टरमध्ये पुन्हा लिहून काढल्या. तिचं अक्षर छापल्यासारखं, माझं म्हणजे कोंबडीचे पाय. बाकी चौघी म्हणाल्या, जुन्या वहीतलं लागत नाही, तुझ्यातून कोण उतरवणार बाई, आम्ही तिच्यातून घेतो. एकेक करून चार वह्यांत ती कविता गेली. मी पाहत होते. सरांना ती दाखवावी असं तिच्या फार मनात होतं, पण सर विलापापर्यंत पोचलेच नाहीत. "तेवढं वहीतून करून घ्या," म्हणाले. मी मनात हिशेब करायची, की एवढ्या मोठ्या पेपरात नेमका तोच प्रश्न कशाला येईल? त्या दिवसांत मला जेवण जायचं नाही. ती म्हणायची, परीक्षेचा ताण घेऊन राहिली तू, आणि माझ्यासाठी डाळ पातळ करायची.

एप्रिलचं ऊन. पेपर हातात आला. दुसराच प्रश्न: विलापिकांमधला एकाकी आवाज, तुमच्या आवडीच्या एका कवितेच्या आधारे. मी वर पाहिलं. पाचही जणींच्या माना खाली, पेनं नुसती धावत होती. माझी मैत्रीण तर लिहिताना ओठ हलवत होती. तिनं दोन पुरवण्या मागून घेतल्या. मी पहिल्या कवितेवर लिहिलं, जी खरी होती. पाणीवाल्या बाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का बाई?

बाहेर आल्यावर तिनं मला मिठी मारली. "आपली बाई आली पेपरात!" ती म्हणाली.

जूनमध्ये निकाल लागला. माझ्या नावापुढे सेकंड क्लास. बाकी पाच नावांपुढे निकाल राखून ठेवल्याचा शिक्का. थोड्याच दिवसांनी विद्यापीठातून चौकशीचं बोलावणं आलं, सहाही जणींना, वह्या घेऊन या म्हणून. पाच उत्तरपत्रिकांत एकाच कवितेवर उत्तर, तेही एकाच शब्दांत, आणि ती कविता जगात कुठेच नाही. कॉपी केस.

टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "तीस वर्षं हा विषय शिकवते मी. ही कविता कुठं आहे हो? मलाही वाचू द्या." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही एकटीनं ती लिहिली नाही. काहून... म्हणजे का? तुम्हाला माहीत होतं का, की ती खोटी आहे?"

बाईंच्या तोंडून आमच्याकडचा शब्द निसटला आणि मला क्षणभर वाटलं, या आपल्याच आहेत, सांगून टाकावं. पण बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी म्हणाले, "माझ्या वहीत ते पान नव्हतं, मॅडम. मला माहीत नाही."

माझ्या मैत्रिणीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते पान तिला कोणी दिलं, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. तिला आत्ताच सगळं कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मॅडमनी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"कुठून उतरवलं?"

तिनं रजिस्टर मिटलं. "आठवत नाही, मॅडम," ती म्हणाली. "सारे एकमेकांचंच उतरवतात."

"म्हणजे खोटी कविता तुम्हीच घातली, असं आम्ही धरायचं?"

"कविता नसन, मॅडम," ती म्हणाली. "पण त्यात लिहिलं ते खोटं नाही."

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. पुढं पत्र आलं, त्यात चौघींना त्या पेपरात शून्य आणि फेरपरीक्षेची मुभा होती. तिला दोन परीक्षांची बंदी, कारण अक्षर तिचं. ज्युनिअर कॉलेजनं वाट पाहिली नाही. ती पुन्हा परीक्षेला बसल्याचं मी कधी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी मीच एका ज्युनिअर कॉलेजात लागले, इंग्रजी शिकवायला.

पण ते पत्र नंतरचं. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त बाबा पुढे बसले आणि आम्ही दोघी मागच्या सीटवर. ती खिडकीबाहेर बघत होती. मलाच राहवलं नाही. "काहून नाही सांगितलं माझं नाव?"

"सांगून काय झालं असतं? तुझंही गेलं असतं. माझं तं गेलंच होतं." भंडारा जवळ आलं तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तू तं कधी बांधीत उतरली नाही. मंग बोटाचं तुले कसं समजलं?"

"तूच तं सांगितलं होतं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुलेच सांगितलं होतं. आईलेही नाही."

भंडाऱ्याच्या स्टँडवर ती उतरली. तुमसरची गाडी लागलेलीच होती, ती त्यात जाऊन बसली. बाबांनी मागे वळून विचारलं, तुझी मैत्रीण न सांगताच गेली का? मी म्हटलं, तिला घाई होती.