चुलीपाशी स्टॉपवॉच

माझी नात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते. एखादा प्रोग्रॅम रेंगाळायला लागला की ती त्याच्यावर प्रोफायलर नावाचं साधन सोडते, मग वेळ नेमका कुठं जातो ते पडद्यावर दिसतं. परवा तिनं मला हे मोठ्या थाटात समजावलं. म्हटलं, बाई गं, तुझ्या आजोबांनी साठ सालच्या सुमारास अकोल्यात हेच माझ्यावर करून पाहिलंय!

हे कापडगिरणीत टाइम-स्टडीवर होते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचनं मोजायचं. त्या घड्याळाचा भारी तोरा! मी अमरावतीची, लग्नापायी मॅट्रिक राहून गेलेली. गल्लीपलीकडे बायकांसाठी दुपारचा मॅट्रिकचा वर्ग निघाला आणि मी हटूनच बसले.

"जाय न," हे म्हणाले, "पण घरचं आटपून तुले येळ भेटते कुठं? मोजून पाहू. निघाला तं जाय."

झालं! माझं शिक्षण त्या टिकटिकीवर टांगलं.

सुट्टीच्या दिवशी हे घड्याळ घेऊन चुलीपाशी उभे. कुणी टक लावून पाहत असलं की हात चालतो का? एक भाकरी थापताना फाटली, दुसरी करपली, वरण उतू गेलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"नाई निघत येळ," यांनी निकाल दिला.

माझं डोकंच फिरलं. "असे यमासारखे डोक्शावर उभे रायले तं काय निघन? ओसरीत जाऊन बसा. मले दिसूच नका!"

ओसरीतून सैपाकघर दिसायचं. पुढच्या सुट्टीला हे तिथं बसले. पण सवय जाते कुठं? "अवं, आयकलं का? पाणी." मी उठले, तोवर चूल विझायला आली, पुन्हा फुंकली. "अवं, पेपर कुठं ठेवला?" परत उठले. "अवं, चष्मा!" चष्मा यांच्याच कपाळावर. मात्र दर वेळी घड्याळाचं बटण इमानानं दाबत होते.

जेवणाआधी आकडे मांडले आणि चेहरा पडला. भाकरी नाही, धुणं नाही, भांडी नाहीत. सगळ्यात जास्त वेळ यांच्या हाकांना ओ देण्यात गेला होता. हाक एवढीशी, पण दर वेळी हातातलं सोडून उठायचं आणि पुन्हा सगळं मांडून बसायचं. लपवता आलं असतं यांना. पण घड्याळाशी बेइमानी यांच्यानं होईना.

"माय, सारा येळ मीच खाऊन रायलो वं," हे आईला म्हणाले.

"मंग आता पाणी आपल्या हातानं घेत जाय," सासूबाई म्हणाल्या.

इतका भला माणूस! मला त्या क्षणी यांची अशी माया वाटली की काही विचारू नका.

वर्गात माझं नाव यांनीच घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. एक नाव दोनदा पुकारलं, कुणीच ओ देईना. मीही मान वळवून पाहत होते, कोण ही भैरी? तिसऱ्यांदा बाईंनी यांच्या नावासकट पुकारलं, तेव्हा उमगलं. ते माझंच नाव होतं, सासरचं. लग्नात तांदळात लिहिलं, त्यानंतर घरात कुणी घेतलंच नव्हतं.

उभी राहिले, "हजर" म्हणाले आणि भर वर्गात मला रडू फुटलं.